अठराचं ॲव्हरेज

पेट्रोल या पदार्थावर माझ्या साडूंइतका संशय साऱ्या ठाणे जिल्ह्यात कोणी घेतला नसेल. माणसं दूधवाल्यावर संशय घेतात, सोनारावर घेतात, वेळप्रसंगी सख्ख्या भावावर घेतात. आमचे साडू या तिघांनाही घरात बोलावून चहा पाजतील, पण पेट्रोलचा थेंब त्यांच्यासमोर कायम आरोपी म्हणून उभा असतो. कुठल्या पंपाचं पेट्रोल गाडी जास्त पळवतं, हा एकच प्रश्न घेऊन ते गेली बारा वर्षं शहापूर ते वैशाखरे या रस्त्यावर येरझाऱ्या घालताहेत. तुम्हा-आम्हालाही हा प्रश्न पडतो आणि चहा संपेपर्यंत विरून जातो. यांच्या डोक्यात त्याने बिऱ्हाड केलं आहे. माझं दुर्दैव असं, की उत्तर आधी मला सापडलं. मागच्या वर्षी त्यांच्या गाडीचं ॲव्हरेज अठरावरून चौदावर आलं. ते का आलं हे मला ठाऊक होतं आणि त्यांच्या तोंडावर सांगायची माझी छाती होत नव्हती. सांगितलं नाही, तर चौदाचं कारण शोधता शोधता ते एक दिवस गाडीसकट रस्त्यातल्या एखाद्या मोरीखाली जातील, हेही दिसत होतं. या माणसापुढे मी पूर्वी हसून हात टेकायचो. आता हसू येत नाही, नुसते हात टेकलेले आहेत.

साडू शहापूरकडच्या एका हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक होते. विज्ञानाचे शिक्षक यायचे, बदलून जायचे, प्रयोगशाळा मात्र साडूंची होती. मुलांच्या हातून परीक्षानळी फुटली की त्यांच्या चेहऱ्यावर घरात काही वाईट घडल्याची कळा यायची. ते निवृत्त झाले तेव्हा मुख्याध्यापकांनी आपुलकीने विचारलं, तुम्हाला भेट काय द्यावी? घड्याळ, मिक्सर, काय हवं ते सांगा. साडू म्हणाले, "शंभर मिलीचं मोजपात्र, दोन चंचुपात्रं आन गाळणकागदाचा एक गठ्ठा." मुख्याध्यापकांना ती थट्टा वाटली आणि ते मोठ्याने हसले. साडू हसले नाहीत. शेवटी समारंभात शाल, श्रीफळ आणि मोजपात्र असा सत्कार झाला. घरी आल्यावर त्यांनी शाल मोजपात्राला गुंडाळली, ती आजही त्याच कामावर आहे.

गाडी त्यांनी नोकरीत असतानाच एका डॉक्टरांकडून जुनी घेतली होती. पांढरी, लहानशी, बसताना गुडघे पोटाशी घ्यावे लागतात अशी. देताना डॉक्टर म्हणाले, "अठरा देते." पहिल्या महिन्यात तिने सोळा दिलं. दुसऱ्या कोणी डॉक्टरांना फोन केला असता, किंवा गाडी मेकॅनिकला दाखवली असती. साडूंनी विचार केला, की डॉक्टर माणूस खोटं बोलणार नाही, गाडी तर बोलतच नाही, तेव्हा खोटं बोलतंय ते पेट्रोल. या एका वाक्यावर त्यांचं पुढचं सगळं आयुष्य उभं राहिलं, आणि आमची सगळ्यांची त्यात फरफट झाली.

पंपांना त्यांनी आपली नावं ठेवली आहेत. एक चिंचेचा पंप, एक वजनकाट्याचा पंप आणि एक कुत्र्याचा पंप. कुत्र्याच्या पंपावर एक लंगडं कुत्रं हवा भरायच्या नळीशेजारी दिवसभर झोपलेलं असतं. ज्या पंपावर कुत्रं निर्धास्त झोपतं त्या पंपावरच्या माणसांच्या मनात खोट नसते, असा साडूंचा एक सिद्धांत आहे, आणि तो कुठल्याही चंचुपात्रात सिद्ध झालेला नाही हे मी त्यांना सांगून पाहिलेलं आहे. पेट्रोल भरायचं ते सकाळी, ऊन चढायच्या आत. टँकर रिकामा होत असेल तर तासभर थांबायचं, कारण तळाचा गाळ वर आलेला असतो. तेवढा वेळ आपण गाडीतच बसून राहायचं. आपल्याला तीन वाजता कोणाच्या मयताला पोचायचं असलं तरी बसायचं. पंपावर उतरले की ते खिशातून गाळणकागद काढतात, नळीच्या तोंडाशी धरून एक थेंब मागतात, आणि तो वाळून डाग राहतो की नाही हे उन्हात धरून बघतात. एकदा वजनकाट्याच्या पंपावर त्यांनी पाच लिटरचं माप मागितलं. ते मागायचा गिऱ्हाइकाला हक्क आहे, हे बरोबरच. पण बाजाराच्या दिवशी, मागे मोटरसायकलींची रांग फाटकाबाहेर गेलेली असताना मागू नये. माप कपाटात, कपाटाची चावी मालकाकडे आणि मालक एका साखरपुड्याला. साडू म्हणाले, "येऊ द्या त्यांना. आमाला घाई नाय." मागून एकजण ओरडला, "ओ काका, आमाला हाय ना!" साडूंनी वळून त्याला द्रवांच्या घनतेवर तापमानाचा काय परिणाम होतो ते समजावलं. तो बिचारा पेट्रोल न भरताच निघून गेला. माप आलं तेव्हा पेट्रोल काटेकोर पाच लिटर भरलं. साडूंचा चेहरा पडला. "आज त्यांना आपला सुगावा लागला होता," ते मला म्हणाले.

मापात खोट सापडत नाही म्हटल्यावर त्यांनी टाकी ते टाकी ही पद्धत धरली. एका पंपावर टाकी काठोकाठ भरायची, जाऊन यायचं, त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची. आता काठोकाठ म्हणजे काय? आपली समजूत अशी, की नळी खट्‌ करून थांबली की टाकी भरली. साडूंच्या मते त्यानंतरही टाकीत हवा दडून बसते आणि ती गाडी हलवल्याशिवाय निघत नाही. किन्हवलीला नव्या बुद्धविहाराच्या उद्‌घाटनाला आम्ही निघालो होतो. सगळे पांढऱ्या कपड्यांत. माझा सदरा नवा, बायकोने आदल्या दिवशी नीळ घालून धुतलेला. चिंचेच्या पंपावर साडूंनी मला उतरवलं आणि म्हणाले, "भाऊ, तुमी मागनं धरा, मी पुढनं." मग आम्ही दोघांनी ती गाडी दहा मिनिटं पाळण्यागत हलवली. पंपावरची पोरं टाळ्या वाजवत होती. टाकीत आणखी पाव लिटर मावलं आणि साडूंना परमानंद झाला. मी विहारात पोचलो तेव्हा माझ्या छातीवर नंबरप्लेटचे अर्धे आकडे उमटले होते. वंदना सुरू असताना पुढच्या रांगेतली दोन माणसं सारखी मागे वळून ते वाचत होती.

त्यातच मध्यंतरी पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला लागले. ते ऐकल्यावर साडूंना आपल्या आयुष्यभराच्या संशयाला सरकारी शिक्का मिळाल्यासारखं झालं. मोजपात्रात पेट्रोल घ्यायचं, त्यात पाणी ओतायचं, झाकण लावून हलवायचं आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून द्यायचं, की इथेनॉल पाण्याबरोबर खाली बसतं आणि मधे रेघ दिसते. ती रेघ ते आल्यागेल्याला दाखवायचे. "बघा. उसाची दारू. गाडी दारू पिऊन चालवू नको म्हनतात, आन गाडीलाच पाजतात." त्या काळात त्यांच्या घरच्या पोह्यांनाही पेट्रोलचा वास यायचा. एक दिवस ताईने, म्हणजे त्यांच्या बायकोने, ते मोजपात्र उचलून शालीसकट कोंबड्यांच्या खुराड्यावर नेऊन ठेवलं आणि सांगितलं, "तुमची शाळा आता हितं भरवा." साडू निमूटपणे खुराड्याशेजारी स्टूल टाकून बसले. त्यांच्या प्रयोगांना जगात फक्त एकाच व्यक्तीने शिस्त लावली, ती ताईने.

ताई माझ्या बायकोची थोरली बहीण. अंगणवाडीत सेविका होती, आवाज बारीक, पण पन्नास पोरांना खाली बसवणारा. आमच्या सासूबाई वैशाखऱ्याला असतात आणि कंबर मोडल्यापासून अंथरुणावरच असतात. ताई दर रविवारी आईला भेटायला जायची आणि जाताना घरच्या कोंबड्यांची बारा अंडी न्यायची, कारण सासूबाईंना बाजारातली पांढरी अंडी चालत नाहीत. ती मशिनीने घातलेली असतात, असं त्यांचं ठाम मत आहे. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, तळाला भाताचं तूस, त्यावर अंडी, वर पुन्हा तूस, आणि डबा ताईच्या मांडीवर. साडूंना हा रविवारचा रस्ता फार सोयीचा होता. तेच अंतर, तेच चढ, तोच दिवस. बदलायचा फक्त पंप. पण ताई बरोबर असणं ही त्यांना प्रयोगातली मोठी अडचण वाटायची, आणि ते तिला तसं तोंडावर सांगायचेही. गाडीचा काटा चाळिसापुढे गेला रे गेला की ती म्हणायची, "हलू हो, अंडी हायत." खड्डा दिसला की हलू, वळण आलं की हलू, पुढे ट्रक दिसला तरी हलू, अंडी हायत. मी कितीदा मागे बसून हे ऐकलं आहे. सरळगावपर्यंत ते वाक्य तीस-चाळीस वेळा व्हायचं. परतताना डबा रिकामा असायचा तरी ताईची सवय सुटायची नाही. साडू वैतागून म्हणायचे, "आता काय अंडी हायत काय?" ताई म्हणायची, "अंडी नायत तं मी हाय ना!" आणि साडूंचा पाय आपोआप वर यायचा.

एका रविवारी ताईला अंगणवाडीच्या शिबिराला जायचं होतं. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, बरं झालं, आज मोकळी गाडी. साडू म्हणाले, प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. आदल्या दिवशी त्यांनी ताईला भातगिरणीच्या काट्यावर उभं केलं. अठ्ठावन्न किलो. मग तेवढ्याच वजनाची तांदळाची गोणी भरून घेतली, पुढच्या सीटवर बसवली आणि तिला पट्टा लावला. त्या दिवशी शेणव्यापासून वैशाखऱ्यापर्यंत साऱ्या रस्त्याने माणसं उभी राहून बघत होती. सासूबाईंनी विचारलं, "ताई कुटं?" साडू म्हणाले, "ती नाय आली. तिची गोनी आली." त्या रविवारी गाडीने पंधरा दिलं. पुढच्या रविवारी ताई बसली, अठरा. साडूंनी निष्कर्ष काढला, की मधल्या आठवड्यात पंपवाल्याने भेसळ केली होती आणि आपल्या नजरेच्या धाकाने तो सुधारला. मी त्या दिवशीच म्हणायला हवं होतं, की दादा, पेट्रोल तेच होतं, वजन तेच होतं, गोणी फक्त बोलत नव्हती. पण मला ते तेव्हा सुचलं नाही. मीही सगळ्यांबरोबर गोणीला हसत बसलो.

पुढे गोणी नेहमीची झाली. ताईला जमलं नाही की गोणी. वजन सारखं राहावं म्हणून दर दोन महिन्यांनी ताईला काट्यावर उभं राहावं लागायचं. एकदा ती चौपन्न भरली. साडूंनी गिरणीवाल्याशी कडाक्याचं भांडण केलं, की तुझा काटा खोटा आहे, अठ्ठावन्नाचं माणूस चौपन्न दाखवतोस, मग लोकांच्या भाताचं काय करत असशील! गिरणीवाला म्हणाला, "वैनी बारीक झाल्या असतील हो." साडूंना ते पटलं नाही. त्यांच्या आयुष्यात खोटं नेहमी काट्यात असायचं, मापात असायचं, नळीत असायचं. ते शाळेत गेले, प्रयोगशाळेतली प्रमाणित वजनं मागून आणली आणि गिरणीच्या काट्यावर एकेक करून ठेवली. पाच किलो, पाच दाखवले. दहा किलो, दहा दाखवले. काटा बरोबर होता. साडू बराच वेळ त्या काट्याकडे बघत राहिले, मग गिरणीवाल्याची माफी मागून घरी आले. गोणीतले चार किलो तांदूळ त्या दिवशी त्यांनी काढले नाहीत.

ताईच्या पोटात गाठ होती. कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तिने बरीच जागा घेतलेली होती. पुढचे चार महिने ती गाडी शहापूर ते कल्याण चालली, ताई मागच्या सीटवर आडवी, आणि साडूंनी त्या चार महिन्यांत एकदाही ॲव्हरेज काढलं नाही. कुठल्याही पंपावर, कितीही वाजता, टँकर उभा असला तरी पेट्रोल भरलं. एकदा मी बरोबर होतो. पंपावरचा ओळखीचा पोरगा हसून म्हणाला, "काका, आज गालनकागद नाय?" साडूंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो प्रश्न त्यांना कळलाच नव्हता. शेतात भात निसवत, लोंब्या बाहेर पडत असताना ताई गेली.

जलदान विधी झाल्यावर पाहुणे पांगले, आणि त्यानंतरच्या रविवारी सकाळी वैशाखऱ्याच्या अंगणात पांढरी गाडी येऊन उभी राहिली. पुढच्या सीटवर गोणी होती. मी मूर्खासारखं विचारलं, "किती किलोची?" साडू म्हणाले, "अठ्ठावन्न. पहिल्यासारकी भरली." ते सासूबाईंपाशी तासभर बसले, चहा प्याले आणि उठले. मी म्हटलं, दादा, दर रविवारी एवढ्या लांब यायची गरज नाही, आम्ही मुरबाडला आहोत, जवळ आहोत, आम्ही बघू. ते म्हणाले, "प्रयोग मधीच सोडता येत नाय, भाऊ."

तेव्हापासून चौदा. पंप बदलले, वेळा बदलल्या, महागडं पेट्रोल घातलं, इथेनॉलची रेघ पुन्हा पुन्हा तपासली, तरी चौदा. त्यांची मुलगी नाशिकला नोकरीला असते. तिला शेजाऱ्यांनी कळवलं, की तुझे बाबा गाडी फार जोरात हाकतात, किन्हवलीजवळ एकदा रस्त्याखाली उतरता उतरता राहिले. तिने मला फोन केला. "काका, तुम्हीच चावी काढून घ्या. माझं ऐकत नाहीत. आई गेली, आता मला अजून काही ऐकायचं नाहीये." फोनवर रडणाऱ्या पोरीला नाही कसं म्हणायचं? मी हो म्हटलं आणि रविवारी पहाटेच्या गाडीने शहापूरला गेलो. मी कंपनीचं स्टोअर सांभाळणारा माणूस. लोकांकडून वस्तू परत घेणं हे माझं रोजचं काम. तरी ती एक चावी मी मागितली नाही, मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसलो.

तो प्रवास मी विसरणार नाही. साडू सत्तरने निघाले. चेहऱ्यावर राग नाही, घाई नाही, काहीच नाही. नुसता पाय दाबलेला. किन्हवलीच्या पुढे रस्त्यात म्हैस आली. त्यांनी असा ब्रेक मारला, की गोणी पट्ट्यात पुढे वाकली आणि पुन्हा मागे टेकली. साडूंनी डावा हात आडवा घालून तिला सावरलं. बायको बाजूला असली की माणूस घालतो तसाच.  म्हटलं, आता बोललंच पाहिजे.

"दादा," मी म्हटलं, "एक विचारू? प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बरोबर?"

"बरोबर."

"रस्ता तोच, गाडी तीच, वजन तेच. मग काय बदललंय?"

म्हैस रस्ता ओलांडून पलीकडे गेली तरी त्यांनी गाडी पुढे घेतली नाही. मागून टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

"पेट्रोल," साडू म्हणाले.

मला पुढचं वाक्य येत होतं. ते ओठांवर आलेलं होतं. पण ज्याने बारा वर्षं बायकोला प्रयोगातली अडचण म्हटलं, त्याला ती अडचण म्हणजेच अठरा होतं हे कुठल्या तोंडाने सांगायचं? गाडी पुन्हा सत्तरवर गेली.

वैशाखऱ्याला सासूबाई जाग्या होत्या. त्यांना ताई गेलेली कळते, पण कधी कधी विसरतात. साडू आत गेले तशा त्या म्हणाल्या, "अंडी नाय आनली रे?"  आधीच येऊन बसलेली माझी बायको पदर तोंडाला लावून बाहेर गेली. सासूबाईंनी पुन्हा विचारलं, "कोंबड्या इकल्या काय?"

"हायत कोंबड्या," साडू म्हणाले. "अंडी शेजारी देतो."

"शेजारी काय देतोस? मला आन."

पुढच्या रविवारी मी पुन्हा शहापूरला गेलो. मुलीने बजावलं होतं, की आज चावी नाही आणली तर मीच येते. साडू खुराड्यापाशी उकिडवे बसून बिस्किटांच्या डब्यात तूस पसरत होते. बारा अंडी त्यांनी एकेक करून ठेवली, मोजपात्र ठेवतात तशी दोन्ही हातांनी. डबा ठेवायचा कुठे यावर त्यांनी बराच विचार केला. मी मागून हात पुढे केला, पण त्यांनी तो पाहिला नाही. डबा गोणीवर ठेवला, पट्ट्याखाली नीट अडकवला आणि आम्ही निघालो.

काटा चाळिसावर आला आणि थांबला. गावाबाहेरचा पहिला मोठा खड्डा दिसला तेव्हा मी तोंड उघडलं, पण त्याआधीच त्यांचा पाय वर आला होता. सगळा रस्ता तसाच. वळण आलं की सावकाश, ट्रक दिसला की सावकाश. एकदा त्यांचे ओठ हलल्यासारखे वाटले, पण ते काय म्हणाले ते मागे ऐकू आलं नाही. एकही अंडं फुटलं नाही. सासूबाईंनी बाराही मोजून घेतली. परतताना डबा रिकामा होता, आणि गाडी पुन्हा सत्तरवर गेली. सरळगावला मी उतरलो. चावी त्यांच्याकडेच राहिली होती.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "भाऊ, सोळा."

"कुठला पंप?"

"कुत्र्याचाच."

 फोन त्यांनी ठेवला नाही. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता, तो मी ऐकत राहिलो. सोळा म्हणजे जातानाचं अठरा आणि येतानाचं चौदा, हे शाळेतल्या पोरालाही जमणारं गणित आहे, आणि ते ज्याने आयुष्यभर पोरांना शिकवण्याची भांडी घासली त्याला सोडवायला किती वेळ लागणार होता? शेवटी ते म्हणाले, "बारा वरसं मी तिला सांगत व्हतो, का तू नसली तं बरं गनित येल." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. इतके दिवस मला हे उत्तर त्यांना कोणीतरी सांगावं असं वाटत होतं. ते त्यांना कळलं त्या क्षणी मला वाटलं, पंपवालेच चोर निघाले असते तर किती बरं झालं असतं.

त्यानंतरच्या रविवारी मी शहापूरला गेलो नाही. बायकोला घेऊन वैशाखऱ्यालाच जाऊन बसलो. सकाळभर रस्त्याकडे डोळे लावून होतो. गाडी नेहमीपेक्षा पाऊण तास उशिरा आली. साडू उतरले, डबा काढला, आत गेले. सासूबाईंच्या उशाशी बसून त्यांनी अंडी टोपलीत मोजून ठेवली. दहा. सासूबाई म्हणाल्या, "दोन कमी का रे?"  साडू डबा घेऊन बाहेर आले, तेव्हा मी डब्यात डोकावलो. तळाशी तुसात दोन अंडी तशीच होती.

"ही राहिली, दादा," मी म्हटलं.

त्यांनी त्या दोन अंड्यांवर हाताने तूस सारखं केलं. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "परतीला लागतात."

डबा त्यांनी गोणीवर ठेवला, पट्टा ओढून बघितला आणि गाडी सुरू केली. मी मुलीला फोन लावून सांगितलं, की चावी घेतली नाही, घेणारही नाही. ती काहीतरी विचारत होती, पण माझं लक्ष रस्त्याकडे होतं. गाडी इतकी सावकाश चालली होती, की मागून आलेली सायकल तिच्या पुढे गेली, आणि टोकावड्याच्या बाजूच्या वळणापर्यंत मला ती बराच वेळ दिसत राहिली.